बाईंचा हात

कानाझावाच्या प्रदर्शनासाठी मी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडं गोळा करून इकेबानाची, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या कलेतली, माणसाएवढी रचना केली. फुलदाणी नाही, तार नाही. लाकडात लाकूड अडकवून ती आपल्या जोरावर उभी होती.

दारं उघडायच्या तोंडावर आमच्या कुझुहारा बाई फिरत आल्या. बाईंनी कुणाचंही काम सुधारलं की वाकून आभार मानायचे आणि मग त्या कामाला बोटसुद्धा लावायचं नाही, हा त्यांच्या वर्गाचा दंडक.

"हे उगाच घुसडलंय," म्हणत त्यांनी तळातलं एक वाकडं लाकूड उपसलं.

"बाई, तो तिचा पाय आहे."

"चिझुरु-सान, आता तुम्ही मला शिकवणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी कमरेत वाकले, आभार मानले.

मान वर केली तेव्हा रचना कलली होती आणि बाईंनी ती दोन्ही हातांनी कशीबशी पेलून धरली होती. तेवढ्यात दारं उघडली. पाहुणे आत येऊ लागले.

"बघताय काय नुसत्या? धरा की," बाई दातओठ खात पुटपुटल्या.

मी हात पाठीमागे बांधले.

"तुम्ही सुधारलेल्या कामाला मी बोट कसं लावू, बाई?"