दुर्गाबाईचे बारा शब्द

"सांग न वं. पहिला शब्द सांग. बाकीचे येतीन मागून."

मोतीलाल खाटेच्या कडेला बसून बायकोच्या तोंडाकडे बघत होता. दुर्गाबाईने ओठ हलवले. घशातून नुसती घरघर आली. त्याने बशीतला चहा फुंकून तिला आणखी एक घोट पाजला. न जाणो, घसा ओला झाला तर एखादा शब्द घसरून बाहेर पडेल. पडला नाही.

भंडाऱ्यात त्याचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आटलं तसं त्याने ते विकलं आणि सगळ्या पैशांचे बिटकॉइन घेतले. आधी ते मोबाइलवर ठेवले, तर कुणीतरी त्यातले थोडे परस्पर लांबवले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मोतीलाल पाणीही फुंकायला लागला. त्याने नवा लॅपटॉप आणला. त्यातला इंटरनेटचा भागच काढून टाकायला लावला. बिटकॉइनच्या चाव्या, म्हणजे आकड्या-अक्षरांच्या लांबलचक माळा, फक्त त्यात ठेवल्या. लॅपटॉप कोशाच्या रेशमी कापडात गुंडाळून देवघरात ठेवला आणि त्याला नेटचा वाराही लागू दिला नाही.

तेवढ्यावर थांबला असता तर तो मोतीलाल कसला? लॅपटॉप चोवीस शब्दांनी उघडायचा. बारा त्याने स्वतः ठरवले, बारा दुर्गाबाईला ठरवायला लावले. कोणते ते तिने त्यालाही सांगायचं नाही. चोरांनी धरून मारलं तरी आपल्या तोंडून अर्धेच निघावेत, असा त्याचा विचार. कागदावर लिहायची बंदी, मुलीला सांगायची बंदी. दुर्गाबाईला भुलाबाईची सगळी गाणी तोंडपाठ, तिला बारा शब्दांचं काय ओझं? लॅपटॉप उघडायचा असला की तो आपले शब्द टाइप करून अंगणात जाऊन उभा राही. मग ती येऊन आपले टाइप करी आणि पुन्हा चुलीपाशी जाई. चोरांचा त्याने असा चोख बंदोबस्त केला. बायकोचं उजवं अंग एका सकाळी लुळं पडेल आणि वाचा जाईल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू बोलतील. लॅपटॉप तिच्यापुढे ठेवून पाहिला, तर डाव्या हाताची बोटं भलत्याच अक्षरांवर पडली. म्हणून मोतीलाल बसला. सकाळी बसला, दुपारी बसला. तिच्या पायांना तेल चोळलं, तिची वेणी घातली, वाकडीतिकडी. आणि शब्द ओळखत राहिला. देवांची नावं घेतली, भाज्यांची घेतली, तिच्या माहेरच्या एकोडीतल्या बोड्या-तलावांची घेतली. दुर्गाबाई सगळ्यांनाच मान डोलवायची. त्याने साळ्याला फोन करून विचारलं, लहानपणी हिला काय आवडत होतं? साळा म्हणाला, भाऊजी, एवढा संसार झाला, हे तुम्ही मला विचारता? खरंच त्याला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. जेवण झालं की दुकान, दुकान गेल्यावर मोबाइलमधले भाव. बायको घरात होती, एवढं त्याला पुरत होतं.

शेजारच्या रत्नमालाबाई त्याला बघून गहिवरत. वडाला फेरे आम्ही सगळ्याच मारतो, पण फळ एकट्या दुर्गाबाईलाच मिळालं, असं त्या गल्लीत सांगत सुटल्या. मोतीलाल ते ऐकून खाली बघे. बिटकॉइनचा भाव रोज चढत होता. आपलंच धन, आपल्याच देवघरात, आणि मरेपर्यंत हात लागायचा नाही. हळूहळू त्याची खात्रीच पटली, की बुडालं. त्याचं जेवण सुटलं, झोप उडाली.

एका संध्याकाळी नावं संपली. कोणत्या शब्दापासून पुन्हा सुरुवात करावी, तेही त्याला सुचेना. त्याने दुर्गाबाईच्या खाटेवर डोकं टेकलं आणि तो लहान पोरासारखा रडला. दुकान गेलं, पैसा गेला, आता मी कशाच्या जोरावर जगू, असं काहीबाही बोलला. दुर्गाबाईने डाव्या हाताने त्याचे डोळे पुसले. मग तो हात तिने कितीतरी वेळ त्याच्या डोक्यावर ठेवला. ओठ मात्र मिटलेलेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, साकोलीहून. गुंजन आईजवळ बसली म्हणून मोतीलाल गोळ्या आणायला चौकात गेला. परत आला तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. दुसरा आवाज रत्नमालाबाईंचा असेल, असं त्याला वाटलं. मग त्याने कान दिला. आवाज जड होता, अडखळत होता, पण शब्द न शब्द कळत होता. तो दुर्गाबाईचा आवाज होता.

वाचा आली! देव पावला, लॅपटॉप उघडला, सगळं परत मिळालं. त्याने दाराला हात लावला. तेवढ्यात आत गुंजन रडवेल्या सुरात म्हणाली, "इतके दिवस झाले तुले बोलता येऊन, आई. बाबा सुकून चालले. त्यायले कायले नाही सांगत तू ते शब्द?"



"सांगतले असते वं," दुर्गाबाई म्हणाली. "पण सांगतल्यावर मंग ते कायले बसतीन माह्याजवळ?"