जावयाचा पत्ता

इंद्रजितचं स्थळ घेऊन त्याचा मामा थेट मेंढरांच्या तळावर आला. पोरगा आटपाडीचा, फुटबॉलमधला फॉरवर्ड. सध्या आर्मेनियातल्या एका क्लबाकडून खेळतो. सोनियाला तो पसंत होता. आताही ती बाभळीखाली उभी राहून मोबाईलवर त्याचीच मॅच बघत होती.

तिचा बाप भाऊसो मात्र एका जागी बसेना. येरझारा घालतच बोलत होता.

"दर हंगामाला नवा क्लब म्हणं! गोल झालं न्हाईत, की निघालं दुसऱ्या गावाला. जावई कुठं असतो म्हून कुनी इचारलं, तर काय सांगू मी?"

"आवं, त्यो धंदाच तसला हाय," मामा म्हणाला.

"आसंल! पर माज्या लेकीनं काय जलमभर बिऱ्हाड घिऊन हिंडायचं व्हय?"

सोनियाची आई हरणाबाई सामान आवरत होती. या रानातला चारा संपला होता. तिनं कोंबड्यांची पाटी घोड्यावर ठेवली, दोरी करकचून आवळली आणि नवऱ्याकडं वळली.

 

"आवं, लग्नाची बोलणी करायला उद्या कुठल्या रानात यायचं, त्येवढं पावन्यास्नी सांगा."