सात आठे चौपन्न

सातचा पाढा सुरू झाला तेव्हा मकरंद खुर्चीच्या पट्ट्यात अगदी निवांत बसला होता. मुलांवर हात उगारायला बंदी आल्यापासून घरच्या शाळेत चूक मुलाची आणि थोबाडीत पालकाच्या, असा नियमच होता. आईबापाच्या मायेपोटी मुलं झटून अभ्यास करतात, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. इरा आजवर एकदाच चुकली होती, आणि नंतर बाबाच्या गालाला तूप चोळत रडली होती.

"सात आठे?" भिंतीतल्या गुरुजींनी विचारलं.

"चौपन्न," इरा म्हणाली.

लोखंडी पंजा सणसणत आला. मकरंदची दाढ हलली.

"अगं इरे, छप्पन्न! तुला येतं की!"

"येतं ना."

"सात नवे?"

"शंभर."

दाढ घरंगळत कपाटाखाली गेली. मकरंदने पट्टा ओढून पाहिला, पण तास संपेपर्यंत तो सुटत नसे. पालक पळून जातात, असा खुर्ची बनवणाऱ्या कंपनीचा अनुभव होता.

"पण का गं, बाळा?" तो रक्त गिळत म्हणाला.

"काल तू आईला मारलंस."

"अगं, चूक तिची होती! आमटी खारट झाली होती!"

"आणि ही माझी," इरा शांतपणे म्हणाली. "गुरुजी, पुढे विचारा."

एवढ्यात सुजलेल्या डोळ्याने शुभदा दारात आली. पाट ओढून बसली, मांडीवर मटारची परात घेतली आणि पहिली शेंग फोडत म्हणाली,

"गुरुजी, आज पावकी-निमकीसुद्धा घेऊन टाका."