एरंडेलाची होडी

होडी पाण्यात उतरली तशी काठावरची माणसं गप्प झाली. व्होल्टा सरोवराच्या त्या गावानं लाकडाशिवायची होडी कधी पाहिली नव्हती. एरंडेलापासून केलेली राळ आणि तिच्यात थरावर थर अंबाडीचे धागे. शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सेनानूनं ती आपल्या गावासाठी बनवली होती. धरण झालं तेव्हा सरोवराखाली बुडालेल्या रानाचे खुंट अजून उभे आहेत. त्यांच्यावर आपटून फळ्यांच्या होड्या उभ्या चिरतात. सेनानूची आत्या अकपेने, तिचा नवरा गेल्या वर्षी तसाच गेला.

गावच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी पाण्याला दारू वाहिली आणि सेनानूकडे पाहिलं. बनवणाऱ्यानं आधी बसायचं, अशी तिथली रीत.

सेनानूचा पाय उचलेना. होडीच्या तळाला, मागच्या बाजूला, तळहाताएवढी जागा चिकटच राहिली होती. राळ तिथं नीट कडक झालीच नव्हती. त्यानं वरून आणखी एक थर चढवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. दिवस ठरला होता, निमंत्रणं गेली होती.

होडी पाण्यात किती बसते हे काठावरूनच नीट दिसतं, असं काहीतरी तो बोलला. आधी दुसरं कुणी बसलं तर बरं. एका कोळ्यानं विचारलं, मास्तर पोहायला विसरले की काय. हशा पिकला. सेनानूही हसला.

तेवढ्यात आत्यानं कमरेचं कापड वर खोचलं, वल्हं घेतलं आणि ती होडीत जाऊन बसली.

त्यानं तोंड उघडलं. सांगायचं तर आताच सांगायला हवं होतं. पण सगळ्या गावादेखत सांगणार काय? तोंड तसंच मिटलं.

अकपेने थेट खुंटांकडे गेली. जिथं नवऱ्याची होडी फुटली होती, तिथं तिनं ही होडी मुद्दाम आपटली. आवाज काठापर्यंत आला. होडी एका अंगावर कलली, डुचमळली आणि सावरली. तिनं पुन्हा आपटली. होडीला काही झालं नाही.

बायका गात नाचू लागल्या. दोघा गड्यांनी सेनानूला खांद्यावर घेतलं. खाली सगळे त्याचं नाव घेत होते आणि त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

माणसं जेवणाकडे वळली तेव्हा तो एकटाच काठाला ओढलेल्या होडीपाशी गेला. वाकून त्यानं आतून ती जागा चाचपली. कोरडी होती, टणक होती.

"तिथंच ना?" आत्या मागं उभी होती. "सकाळपासून तुझा हात तिथंच जात होता."

त्याला मान वर करवेना. त्यानं विचारलं, "ठाऊक होतं, तर बसलीस कशाला?"

आत्यानं कापडाचा ओला काठ पिळला.

"वाटलं, तू हाक मारशील," ती म्हणाली. "खुंटापर्यंत वाट पाहिली."