सतीआईची ओटी

"फुडे हो गो. आता तुझी पाळी," म्हणत यशोदाबाईंनी खण-नारळाचे तबक सुनेच्या हातात दिले.

अपेक्षाच्या अंगावरचे दूध पिऊन बाळाला बराच वेळ झाला होता. तिने नणंदेकडे पाहिले. "झोपलाय गं वैनी, झोळीत घातलाय," सारिका म्हणाली आणि मोबाइल सरसावून उभी राहिली. झोळी मागे, हापूसच्या कलमाला बांधलेली. एवढी ओटी भरते नि जाते, अपेक्षाने मनाला समजावले. सकाळपासून ती मनाला हेच समजावत होती.

घराण्याची उरलीसुरली दौलत बघायला मुंबई-पुण्याचे सगळे भाऊबंद जमले होते. खाडीवरचा धक्का झाला. गाळाने भरलेला तलाव झाला. कुळांकडे गेलेले मळे रस्त्यावरूनच दाखवून झाले. चुलतसासरे भाईकाका प्रत्येक ठिकाणी "हे आमचे" म्हणत, आणि मागाहून हळूच "होते" जोडत. सतीआईचा दगड मात्र अजून त्यांचाच होता. कोपरात वाकलेला हात, मनगटभर बांगड्या, वर चंद्र-सूर्य.

घराण्यातल्या प्रत्येक सुनेने इथे ओटी भरायची, नवऱ्याचे आयुष्य मागायचे. ढोल वाजलेच पाहिजेत. आणि तबक हातात आले, की मागे वळून बघायचे नाही. बघितले तर नवऱ्याचे आयुष्य उणे होते.

ढोल सुरू झाले. सुदेश गर्दीत हात जोडून उभा होता, थोडा संकोचून हसत. नवरा चांगला होता तिचा. त्याला काही व्हावे असे तिच्या स्वप्नातही नव्हते. तिने पाऊल टाकले.

शेजारी भाईकाका पुण्याच्या पाहुण्यांना मोठ्याने, अभिमानाने सांगत होते.

"हे ढोल कित्याक, ठावक आसा? ती सती जाऊक चितेकडे निघाली, तेवा तिचो तान्हो झील पाळण्यात रडत होतो. त्याचो आवाज कानार पडलो असतो, तर आवशीचो पाय मागे फिरलो असतो. म्हणान वाजवले. त्याच झिलाचे आमी सगळे."

पाहुण्यांनी हात जोडले.

अपेक्षाला एकदम पान्हा फुटला. ब्लाउज भिजला, पदर भिजला. कानांत ढोलांशिवाय काही नव्हते. दगड दोन हातांवर होता. सगळे तिच्याकडे बघत होते. सुदेशही.

"ढोल थांबवा," ती म्हणाली. कोणाला ऐकूच गेले नाही. मग तिने तबक खाली ठेवले आणि दोन्ही हात वर केले.

ढोल थांबले. कलमाकडून बाळाचे रडणे आले. कधीपासून रडत होते कोण जाणे, आवाज पार बसला होता.

ती वळली. वळताना डोळे मिटूनच घेतले तिने; पाठीमागे सासूबाई उभ्या असणार, त्यांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती. पण उघडले तेव्हा तिथे कोणीच नव्हते. नऊवारीचा काचा आवरत यशोदाबाई केव्हाच कलमाखाली पोचल्या होत्या. त्यांनी नातवाला झोळीतून उचलून छातीशी धरले होते, दगडाकडे पाठ करून, आणि त्याला थोपटत पुन्हा पुन्हा सांगत होत्या,

"उगी रे बाबा, उगी. इली. आवस इली तुझी."