टाचण्या

सोसायटीच्या गेटातच पोलिसांनी आईला आणि मला अडवलं. कुणी चोर आत शिरल्याची खबर होती म्हणे.

"आम्ही इथंच राहतो, चौथ्या मजल्यावर," आई म्हणाली.

"ते आम्ही ठरवू," म्हणत एका हवालदारानं तिची शिवणकामाची पिशवी हिसकावली आणि फरशीवर उपडी केली. कात्री, टेप, रिळं, डबीभर टाचण्या, सगळं चहूकडे पांगलं. चोरीचं काहीच निघालं नाही.

"उचल आणि चालती हो," तो खेकसला.

"सांडलंत तुम्ही, उचला तुम्ही."

"आई, चल ना," मी कुजबुजले. ती जागची हलली नाही. खिडक्या उघडल्या. तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. मग समोरच्या काकू आल्या, मग वॉचमन. सगळ्यांच्या नजरा हवालदारावर खिळल्या. शेवटी हवालदार खाली बसला आणि एकेक टाचणी वेचू लागला.

लिफ्टचं दार लागलं तसा आईनं माझा खांदा घट्ट धरला.

"आई, तुझे पाय केवढे थरथरताहेत!"

"मघापासून थरथरताहेत," ती म्हणाली. "पण मागे सरकले का?"