कमी पडलेले झेंडे

मिरवणूक नेमकी दुकानासमोर थांबली आणि आत शटर ओढून बसलेल्या मकबूल टेलरांचा जीव टांगणीला लागला. "यांना गावाबाहेर काढा!" बाहेर एकच गिल्ला चालला होता. पोरांच्या हातातले भगवे झेंडे मात्र दरसालप्रमाणे त्यांनीच शिवलेले.

अचानक घोषणा थांबल्या. शटरवर थाप पडली. बायकोने ओढणी तोंडात कोंबली.

"चाचा, मी धैर्यशील. झेंडे कमी पडले."

मंडळाचा अध्यक्ष! त्याच्या लग्नाचा कोटही चाचांच्याच हातचा. त्यांच्या जिवात जीव आला. शटर वीतभर उचलून त्यांनी उरलेला गठ्ठा बाहेर सरकवला.

"घाबरू नका," वाकून तो म्हणाला. "ओरडणारी पोरं बाहेरची आहेत. आपल्या गावातलं कुणी नाही."

ओरडून ओरडून त्याचाच घसा पार बसला होता.